दाखल्याची खिडकी : वाचकांची पत्रं आणि एका निवृत्त अव्वल कारकुनाची उत्तरं

मागच्या अंकात जातीच्या दाखल्याबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा गठ्ठा आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, काही निवडली आहेत. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. महसूल खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, त्यातली शेवटची अकरा दाखल्यांच्याच टेबलावर. जन्मानं म-ठाकर, म्हणजे आदिवासी ठाकर जमातीतला, गाव अकोले तालुक्यातलं. म्हणजे खिडकीच्या आत बसलो तसा खिडकीबाहेरच्या रांगेतही उभा राहिलोय. ज्याचं प्रकरण कोर्टात आहे त्यानं मात्र माझ्या भरवशावर राहू नये.

काका, मी बारावीला आहे, कर्जतजवळच्या कातकरीवाडीत राहते. सर म्हणाले, आपलं नाव संविधानात आहे. मी लायब्ररीतून संविधानाचं पुस्तक आणलं. पाचवी अनुसूची, सहावी अनुसूची, सगळं वाचलं. आमचं नाव कुठेच नाही. मग आम्ही आहोत की नाही?

पोरी, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही साहेबानं विचारला नाही. तू पुस्तक उघडून पाहिलंस म्हणून तुला पडला.

आहात, पण त्या पुस्तकात नाही. संविधानात यादी नाही, यादी करायची रीत आहे. कलम ३४१ जातींसाठी, कलम ३४२ जमातींसाठी. राष्ट्रपतींनी त्या त्या राज्याच्या राज्यपालांशी विचारविनिमय करून जाहीर अधिसूचना काढायची, त्यात जी नावं येतील त्या अनुसूचित जाती किंवा जमाती. एकदा अधिसूचना निघाली की पुढे नाव घालणं किंवा काढणं फक्त संसदेच्या हातात, तेही कायदा करून. मंत्री ते करू शकत नाही, मुख्यमंत्री करू शकत नाही, राष्ट्रपतीही दुसरी अधिसूचना काढून ते करू शकत नाहीत. जातींचा आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० ला, जमातींचा ६ सप्टेंबर १९५० ला. दुसरी तारीख पाठ कर. तुझे आजोबा-पणजोबा त्या तारखेला कुठे राहत होते, हे दाखल्याच्या अर्जात विचारतात.

तू वाचलीस ती पाचवी अनुसूची वेगळी. तिच्यात माणसांची नावं नाहीत, ती क्षेत्रांबद्दल आहे : अनुसूचित क्षेत्रांचा कारभार, राज्यपालांचे अधिकार, जनजाती सल्लागार परिषद. सहावी तर आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरम यांच्यापुरतीच. शब्द एकच असल्यानं घोटाळा होतो, मोठमोठ्या भाषणांतही होतो.

यादी पुस्तकाबाहेर का ठेवली? बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९४९ ला संविधानसभेत ही कलमं मांडताना दोन कारणं दिली. एक, लांबलचक याद्यांचं ओझं संविधानावर नको. दुसरं, एकदा जाहीर झालेल्या यादीशी राजकारणासाठी कुणी खेळू नये. निवडणुकीच्या तोंडावर कचेरीसमोर आलेले मोर्चे मी पाहिले आहेत, त्यामुळे दुसरं कारण मला जास्त पटतं.

आता तुझं नाव. जमातींच्या आदेशात महाराष्ट्राचा भाग काढ, एकविसावी नोंद. काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी, सोन कातकरी अशी नावं एका ओळीत सापडतील. शिवाय केंद्रानं अतिमागास म्हणून वेगळ्या काढलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींत तुमची एक आहे. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड.

ही ओळ मला इतकी पाठ का, तेही सांगून टाकतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एक म्हातारा कातकरी नातीच्या दाखल्यासाठी आला. अर्जात 'कातकरी', मुलीच्या बापाच्या शाळेच्या उताऱ्यात 'काथोडी'. मी अर्जावर लाल शाईत शेरा मारला, 'नोंद जुळत नाही', आणि कागद परत दिले. त्यानं काही विचारलं नाही. वीटभट्टीवर जायचा हंगाम होता, तो गेला आणि परत आला नाही. वर्षभरानं कशासाठी तरी यादी काढली, तर दोन्ही नावं शेजारी शेजारी, मध्ये फक्त स्वल्पविराम. तोवर मी यादी कधी वाचलीच नव्हती. अधिकाराची सही साहेबांची असते, पण अर्ज साहेबांपर्यंत जाऊ द्यायचा की नाही हे माझ्यासारखा कारकून ठरवतो. त्या ओळीची झेरॉक्स अर्जाला जोडत जा.

मी शहादा तालुक्यात शिक्षक आहे. 'अनुसूचित' हा शब्द कुणी शोधला? आम्ही स्वतःला आदिवासी म्हणतो, मग कागदावर तसं का नाही?

गुरुजी, अनुसूचित म्हणजे यादीत लिहिलेला, एवढंच. त्या शब्दाला ना जात आहे ना इतिहास. त्याच्याआधी इंग्रजांच्या कागदांत 'डिप्रेस्ड क्लासेस' होतं. आपल्याकडे बहिष्कृत, अस्पृश्य. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा आला, त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध येरवड्यात गांधीजींचं उपोषण झालं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. निवाड्यातल्या ७१ जागांऐवजी प्रांतांच्या कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या, स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. आता जागा राखायच्या तर कुणासाठी, याची यादी लागणार. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आला आणि १९३६ च्या आदेशात जातींची नावं. १९५० ची यादी बऱ्याच अंशी तिच्यावरच उभी आहे.

जातींसाठी मोजपट्टी गरिबीची नव्हती, शिवाशिवीची होती. १९३१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त हटन यांनी जे निकष लावले ते पाहा : देवळात प्रवेश आहे का, सार्वजनिक विहीर, रस्ता, शाळा वापरता येते का, स्पर्शानं विटाळ मानतात का. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती.

जमातींचं वेगळं. १९३५ च्या कायद्यात 'मागास जमाती' म्हटलं होतं. संविधानसभेत जयपालसिंग मुंडा 'आदिवासी' याच शब्दासाठी भांडले. हाच गृहस्थ १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या सुवर्णपदक विजेत्या संघाचा कप्तान होता, हे मुलांना जरूर सांगा. बाबासाहेबांचं म्हणणं असं पडलं की आदिवासी हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला कायद्यानं ठरलेला अर्थ नाही, यादीतल्या जमातीला तो आहे. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. सभेत मी आदिवासी म्हणतो, अर्जात अनुसूचित जमाती लिहितो.

जमात कशावरून ओळखायची हे संविधानात लिहिलेलं नाही. १९६५ साली लोकूर समितीनं पाच खुणा सांगितल्या : आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकटेपणा, इतरांशी मिसळण्यातला बुजरेपणा आणि मागासलेपण. सरकारी विचार अजून त्याच पाचांभोवती फिरतो. बुजरेपणा वाचला की मला माझी आजी आठवते. राजूरच्या बाजारात हिरड्याच्या भावावरून व्यापाऱ्याचा घाम काढायची ती. त्या निकषावर ती बहुधा नापासच झाली असती.

आम्ही दिग्रसकडचे बंजारा. माझी सोयरिक आदिलाबादला, ते एसटी. चुलत बहीण विजापूरला दिली, ती माणसं एससी. आम्ही व्हीजे. बोली एक, तांडा एक, सेवालाल महाराज एक. हा काय न्याय?

दादा, तुम्ही एक लेबल विसरलात. केंद्राच्या नोकरीला अर्ज केलात तर तुम्ही ओबीसी. एकाच घराण्याची चार नावं झाली.

कारण असं की ३४१ आणि ३४२ या दोन्ही कलमांत 'त्या राज्याच्या संबंधात' असे शब्द आहेत. यादी देशाची नाही, राज्याराज्याची आहे. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत. आंध्र भागात लंबाडे आधीपासून अनुसूचित जमातीत, पण तेलंगणाच्या बाजूचे तिथेही १९७६ च्या कायद्यानं आले. आपल्याकडे विमुक्त जाती (अ), ३ टक्के. विमुक्त म्हणजे कशातून मुक्त? १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यातून, जो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. देश सुटल्यावर पाच वर्षांनी. विमुक्त हा प्रवर्ग राज्यानं केलेला आहे, त्यामागे ३४१ किंवा ३४२ नाही. म्हणून रहिवासाची तारीखही वेगळी, २१ नोव्हेंबर १९६१.

राज्याचं सोडा, कधीकाळी तालुक्यावरून जमात ठरायची. १९५६ च्या यादीत ठाकूर जमात आमच्या त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात तीनच तालुक्यांत होती : अकोले, राहुरी, संगमनेर. माझा थोरला चुलता साखर कारखान्यात कामाला लागला आणि कोपरगावला राहायला गेला. जिल्हा तोच, आईबाप तेच, पण माझा बाप अनुसूचित जमातीचा आणि चुलता कुणीच नाही. चुलतभावाला शिष्यवृत्ती नाकारली तेव्हा चुलता बापाला म्हणाला, "मी प्रवरा ओलांडली का जात ओलांडली?" ही क्षेत्रबंधनं १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानं गेली, अंमल २७ जुलै १९७७ पासून. चुलतभाऊ तोवर कारखान्यातच चिकटला होता.

इथल्या बंजारांनाही एसटीत घ्या, ही मागणी योग्य की अयोग्य, हे मी ठरवणार नाही. माझ्या स्वतःच्या जमातीच्या वाट्याचा प्रश्न त्यात येतो, तेव्हा माझ्या मताला किंमत कमीच धरा. वाट मात्र ठरलेली आहे. राज्य सरकारची शिफारस, मग भारताचे महानिबंधक, मग राष्ट्रीय आयोग, मग केंद्रीय मंत्रिमंडळ आणि शेवटी संसदेत विधेयक. १९९९ पासूनची पद्धत ही. पहिल्याच पायरीवर बहुतेक फायली झोपतात. आणि सोयरिकीच्या दाखल्यावर इकडे फायदा मिळत नाही, तसा प्रयत्न करू नका.

मी भंडारा जिल्ह्यातला गोवारी. नागपुरात सीताबर्डीच्या उड्डाणपुलाच्या नावात 'आदिवासी गोवारी' आहे. माझ्या दाखल्यावर का नाही?

भाऊ, या पत्राचं उत्तर मी तीनदा लिहून फाडलं.

जमातींच्या यादीत अठरावी नोंद गोंडांची, तिच्या पोटात कितीतरी नावं, त्यात 'गोंड गोवारी'. तुमचं म्हणणं की हे आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ ला हेच सांगायला तुमची माणसं नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चानं आली आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. बायका आणि लहान पोरं त्यांत किती होती, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या वर्षी तुम्हाला विशेष मागास प्रवर्गात घातलं. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तुमच्या बाजूनं निकाल दिला : गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ च्या आधीच उरली नव्हती, तेव्हा यादीतले ते गोवारीच. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. यादीत 'गोंड गोवारी' आहे, 'गोवारी' नाही, आणि यादीत लिहिलंय त्याच्या पलीकडे पुरावा घेऊन अर्थ लावायचा अधिकार न्यायालयाला नाही. मधल्या काळात ज्यांना प्रवेश किंवा नोकरी मिळाली, त्यांची ती राहिली. तुम्ही त्यांतले असाल तर तेवढं सुरक्षित आहे, पुढचा फायदा मात्र नाही.

हा नियम तुमच्यासाठी काढलेला नाही. २८ नोव्हेंबर २००० ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हलबा-कोष्टींच्या प्रकरणात, म्हणजे कोष्टी स्वतःला यादीतले हलबा म्हणत होते त्या दाव्यात, तोच ठरवला होता : यादी आहे तशी वाचायची. नोंद ३६ मध्ये 'ओरांव, धनगड' आहे. धनगर म्हणतात, ते धनगड म्हणजे आम्हीच. 'ड' की 'र' यावर त्या समाजाची इतकी वर्षं गेली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयानं त्या याचिका फेटाळल्या. नियम मला कळतो. यादी सैल सोडली तर ज्याचा आवाज मोठा तो आत घुसेल आणि कोलाम, कातकरी बाहेरच राहतील, हेही कळतं. पण तुमच्या पुलाखालून जाताना तो नियम मला कुणाला समजावून सांगता येणार नाही. पुलाला नाव द्यायला संसद लागत नाही, दाखल्याला लागते.

आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं ना? मग अजून का?

सही नसलेलं पत्र, पण दर महिन्याला येतं म्हणून एकदाच उत्तर देतो. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये होती आणि ती फक्त लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना होती. ती वाढत वाढत, १०४ व्या दुरुस्तीनं, २०३० पर्यंत आली आहे. नोकरीचं कलम १६(४) आणि शिक्षणाचं १५(४) यांना मुदत कधीच नव्हती. १५(४) तर मूळ संविधानातही नव्हतं, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत आलं. पुढच्या वेळी सही करा.

मुलाला पहिलीत घालताना मी जात 'बौद्ध' सांगितली. शाळेतला क्लार्क म्हणतो 'महार' लिहा, नाहीतर पुढे अडेल. ते नाव टाकलं म्हणून तर आम्ही बौद्ध झालो. मी काय करू? (सोलापूरहून एक आई)

ताई, क्लार्कचं बोलणं टोचलं असेल, पण तो खोटं बोलत नाही.

१९५० च्या जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे : हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख घातले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतली आणि केंद्राच्या लेखी ती सगळी माणसं रातोरात यादीबाहेर गेली. महाराष्ट्रानं आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या, 'नवबौद्ध' हा शब्द सरकारी कागदांत त्यातूनच रुळला. केंद्रात बौद्धांचं नाव त्या परिच्छेदात यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. एक पिढी शाळेत गेली, नोकरीला लागली आणि निवृत्तीच्या टेकाला आली तेवढा काळ. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्यांचा प्रश्न अजून लोंबकळतोच आहे, २०२२ साली त्यावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. जमातींना अशी धर्माची अट मुळातच नाही. माझा एक साडू ख्रिस्ती ठाकर आहे, त्याचा दाखला माझ्यासारखाच.

आता तुमचं. धर्म मान्य झाला, पण यादीत नावं जातींचीच आहेत आणि 'बौद्ध' ही त्यातली जात नाही. तेव्हा धर्माच्या रकान्यात बौद्ध, जातीच्या रकान्यात मूळ जात, दोन्ही पहिल्याच दिवशी नोंदवून घ्या. नंतर नोंदवहीत दुरुस्ती करून घेणं म्हणजे चपला झिजवणं. सासऱ्यांचा किंवा आजेसासऱ्यांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद आत्ताच शोधून ठेवा, तो नसेल तर त्या काळचा रहिवास दाखवणारा काहीतरी. जी ओळख तुम्ही सोडली तिचाच पुरावा सरकार मागतं, याचा राग येणारच. तो राग दाखल्याच्या अर्जात दाखवू नका, बाकी कुठेही दाखवा.

आम्ही मातंग. उपवर्गीकरणाचा निकाल लागला म्हणतात. आमच्या पोरांना वेगळा कोटा झाला का?

निकालानं कोटा होत नाही. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक मतानं सांगितलं की अनुसूचित जातींच्या आत राज्यं उपवर्ग करू शकतात. त्याआधी २००४ चा निकाल याच्या उलट होता. पण करायचं तर मागे पडल्याची आकडेवारी हवी, आणि तो राज्याचा निर्णय. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती, वाटा १३ टक्के. कुणी किती घेतला हे मोजायला कुणाला आवडत नाही, मोजलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत. जमातींतही मोजा, आमच्यासकट.

मुलगा इंजिनीअरिंगला लागला. आम्ही ठाकर, वीस वर्षं कल्याणला. वैधतेच्या चौकशीत दक्षता पथकानं मुलाला देवक, लग्नविधी, नाच असं विचारलं. त्याला काही आलं नाही. आता अवैध करतील का?

माझ्या मुलीचीच गोष्ट. ती तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टरमध्ये वाढली. चौकशीच्या आदल्या रात्री तिची आजी फोनवरून तिच्याकडून पाठ करून घेत होती, कांबडनाच कधी, सुईण नाळ कुठे पुरते, लग्नात हळद कोण लावतं. पोरगी वहीत लिहून घेत होती, वायव्याच्या आधी घेतात तसं. तिला आपलं म्हणून येत होतं ते एकच, वाघबारस. कारण त्या दिवशी गावी खीर मिळायची. साहेबांनी नेमकं ते विचारलं नाही.

ही परीक्षा आली सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून. खोटे दाखले फार झाले होते, महादेव कोळी जमातीच्या नावावरचं प्रकरण होतं ते. म्हणून पडताळणी समिती, दक्षता पथक आणि जमातीशी आपलेपणा आहे का याची चाचणी. हेतू चांगला होता, आणि खोट्यांनी आमची किती जागा खाल्ली ते मी टेबलावर बसून पाहिलंय. पण पुढे चाचणीच मालक झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, माणसं गाव सोडतात, शिकतात, चालीरीती बदलतात, त्यामुळे नुसत्या या चाचणीवर दावा फेटाळू नका, आणि संविधानापूर्वीच्या कागदांना जास्त वजन द्या. शेवटी २४ मार्च २०२३ ला तीन न्यायमूर्तींनी, ठाकूर जमातीच्याच प्रकरणात, स्वच्छ लिहिलं : आपलेपणाची चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. कागदांवर समितीचं समाधान झालं तर दक्षता चौकशीची गरजही नाही, ती प्रत्येक प्रकरणात पाठवायची नसते.

म्हणून मुलाला रागावू नका, कागद शोधा. सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर आहे, दाखल्यांच्या पडताळणीच्या २००० च्या राज्य कायद्याचं कलम ८ तसं म्हणतं. आजोबांच्या शाळेतली प्रवेश-निर्गम नोंदवही, तहसिलीत गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, विदर्भात कोतवाल बुक, जुने फेरफार, हक्कनोंद. बराच माल मोडीत असतो, वाचणारा गाठा. माझ्या बापाची १९३८ ची नोंद मोडीतच सापडली, 'हिंदू ठाकर' एवढीच. आणि बापाच्या रक्तातल्या कुणाला, सख्खा काका, चुलतभाऊ, रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल तर तो कागद आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. याच्याइतकं जड दुसरं काही नाही.

आमची पंचाईत मुळात नावात आहे. ठाकूर म्हटलं की उत्तरेतला मिशीवाला जमीनदार डोळ्यांसमोर येतो, आडनावाचे ठाकूर तर ब्राह्मणांपासून भाटांपर्यंत सगळ्यांत. यादीतली ४४ वी नोंद 'ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर' अशी आहे. म्हणजे जुन्या कागदावर नुसतं 'ठाकर' असलं तरी ते यादीतलंच नाव. तरी काही शहाणे नोंदवहीत 'ठाकर'च्या आधी 'म' घालून आणतात. एकदा माझ्यासमोर उतारा आला, त्यातला 'म' बॉलपेनचा आणि बाकी ओळ बोरूची. ज्याचा दावा खरा होता त्यानंच तो बुडवला. असं काही चुकूनही करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर दावा अवैध झाला की पदवी आणि नोकरी दोन्ही जातात, इतकी वर्षं सेवा झाली ही सबब चालत नाही.

लग्नानंतर नाव बदललं. नवरा मराठा, मी महादेव कोळी. दाखला बदलावा लागेल का? आणि मुलांचं काय?

तुमची जमात जन्मानं, ती लग्नानं जात नाही. दाखला माहेरच्या नावाचाच चालतो, सोबत नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह नोंदणी जोडा. मुलांना साधारणपणे बापाची जात धरतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाप्रमाणे, मूल आईच्या समाजात वाढलं आणि त्या समाजाचे चटके त्यानंही सोसले, हे दाखवता आलं तर आईची मिळू शकते. सोपं नाही.

भाऊसाहेब, आजोबांचा १९४६ चा शाळेचा दाखला आहे, कडा झिजल्यात. लॅमिनेट करून घेऊ का?

अजिबात नको. जुना कागद उष्णतेनं काळवंडतो, शाई पसरते, आणि शिक्का हाताला लागत नाही म्हणून पथक शंका घेतं. दोन्ही बाजूंच्या रंगीत झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढून भावंडांना पाठवून ठेवा. मूळ कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि लोखंडी ट्रंकेत ठेवा. धान्याच्या कोठीत नको. आमचा एक उतारा तिथे उंदरांनी नेला.